फिरतं पेटिंग झू जोडधंदा म्हणून चालवताय? या चुका टाळा

इंदूरमध्ये लहान मुलांच्या वाढदिवसाला, प्लेस्कूलच्या कार्यक्रमाला किंवा मराठी मंडळाच्या बालमेळाव्याला चार ससे, दोन शेळ्या आणि काही कोंबड्या घेऊन जायचं आणि मुलांना त्यांना हात लावू द्यायचा, हा फिरत्या पेटिंग झूचा जोडधंदा नोकरी सांभाळून करता येतो. शहरात वाढणाऱ्या ज्या मुलांनी शेळी फक्त चित्रात पाहिली आहे, त्यांच्यासाठी ही मोलाची गोष्ट आहे. पण सुरुवात करणारे गाडी, जाळी आणि बॅनर यांचा हिशेब मांडतात आणि एक प्राणी दिवसात किती वेळ परक्यांचे हात सहन करू शकतो, याचा हिशेब सोडून देतात. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

पोपट आणि कासव: नकोच

पार्टीवाले हमखास विचारतात, "पोपट नाही का?" नाही, आणि ठेवूही नका. आपला हिरवा पोपट, चांदणी कासव, मुंगूस हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ते घरात पाळणंही गुन्हा आहे, मग भाड्याने फिरवणं तर दूरच. त्याच कायद्यातल्या प्राणीसंग्रहालयाच्या व्याख्येत फिरतं संग्रहालयही येतं, त्यामुळे "आमचं काही कायमचं नाही" ही सबब चालत नाही. आफ्रिकन ग्रे आणि मकाव पोपट, इग्वाना सरडा अशा परदेशी प्राण्यांसाठी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तिकीट लावून प्रदर्शन भरवायचं किंवा प्राण्यांकडून कसरती करून घ्यायच्या, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. शेळी, ससा, गिनीपिग, कोंबडी, बदक एवढ्यावर राहिलात तर यातलं बरंचसं ओझं टळतं.

शेळ्यांमध्ये बरबरी चांगली. बांध्याने लहान असते आणि माणसांत लवकर रुळते. शिंगं मारणारा बोकड मुलांत कधीच नको. कोंबड्यांत झाबुआची कडकनाथ जरूर ठेवा. तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि काळा तुरा, काळे पाय बघून मुलं थबकतात. जत्रेत मिळणारी रंगवलेली पिल्लं मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. इतकी कोवळी पिल्लं मुलांच्या मुठीत टिकत नाहीत, आणि रंगाने त्यांचे हाल आणखी वाढतात.

शांत बसलेला ससा खूश असतोच असं नाही

ही चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत जास्त त्रास तिनेच होतो. ससा दुसऱ्यांचं भक्ष्य असलेला प्राणी आहे. घाबरला की तो अनेकदा दगडासारखा स्तब्ध होतो. पालक म्हणतात, "बघ, किती शांत आहे!" आणि पुढचं मूल मांडीवर घेतं. त्या सशाचे कान पाठीला चिकटलेले असतात, डोळे विस्फारलेले असतात, श्वास भराभर चाललेला असतो. पाठीवर उताणा झोपवल्यावर तो निपचित पडतो तेही भीतीमुळेच, म्हणून हा "खेळ" कुणालाही करू देऊ नका.

सशाचे मागचे पाय ताकदवान असतात, पण हाडं हलकी असतात. चुकीचं उचललं आणि त्याने हवेत लाथ मारली, तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. त्यामुळे मुलांनी ससा उचलायचा नाही, हा नियम पक्का ठेवा. मुलाने खाली बसायचं, ससा जमिनीवरच राहील, हात फक्त पाठीवरून फिरवायचा. एका वेळी चार-पाचच मुलं आत घ्या. कोपऱ्यात दोन तोंडांची लाकडी पेटी ठेवा, ससा तिच्यात शिरला की त्याला कुणी बाहेर ओढायचं नाही. वीस मिनिटांनी सशांची जोडी बदला. ज्याला आज हात नको आहेत, तो आज घरी राहील एवढे ससे जवळ असायला हवेत. तेवढे नसतील तर ऑर्डर घेऊ नका.

गिनीपिग आणि ससे एका पेटीत ठेवायची सवयही मोडा. सशाच्या अंगातले काही जंतू गिनीपिगला न्यूमोनिया देतात. शिवाय गिनीपिगला रोज क जीवनसत्त्व मिळावं लागतं. सिमला मिरची, कोथिंबीर द्या, नुसत्या वाळलेल्या गवतावर तो आजारी पडतो.

मे महिन्यातली ऑर्डर

इंदूरचा मे चाळिशी ओलांडतो. सशाला घाम येत नाही, तो अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे सोडतो आणि तिशीच्या पुढेच त्याला जड जाऊ लागतं. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत संपणारा कार्यक्रम असेल तर शेळ्या-कोंबड्या न्या, ससे घरीच राहू द्यात. धंद्याचा हिशेब मांडतानाच एप्रिल ते जून कमाई शून्य धरा. चारा आणि औषधं मात्र बारा महिन्यांची धरा. ही तीन महिन्यांची तूट हिवाळ्याच्या दरात आधीच बसवलेली नसली, की माणूस भर उन्हात ऑर्डर घ्यायला लागतो. दिवाळीच्या फटाक्यांत आणि रंगपंचमीच्या गेरीच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी प्राणी बाहेर काढूच नयेत.

छोटा हत्ती (छोटा टेम्पो) भाड्याने घेतलात तर पत्र्यावर रबरी चटई आणि पेंढा टाका, घसरून शेळीचा पाय मोडतो. ससे हवेशीर पेट्यांत, शेळ्यांपासून वेगळे ठेवा. चहासाठी गाडी उन्हात उभी करू नका.

केक, पोळी आणि हात

पाहुणे प्रेमाने पोळी, भात, केक भरवतात. शेळीने असं पिष्टमय खाणं एकदम जास्त खाल्लं की कोटीपोटात (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यात) आम्ल वाढतं आणि ती दगावूही शकते. चारा तुम्हीच न्या, मुलांच्या हातात बरसीमच्या (हिरव्या चाऱ्याच्या) जुड्या मोजून द्या. जुडी संपली की भरवणं संपलं.

मुलांची बाजू तितकीच महत्त्वाची आहे. शेळ्यांच्या लेंड्यांतून ई-कोलाय आणि कोंबड्या-बदकांकडून साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जिवाणू येऊ शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना हा संसर्ग फार जड जातो. सॅनिटायझर पुरेसा नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं. नळाची टाकी, बादली, साबण आपल्याच गाडीत ठेवा आणि हात धुण्याची जागा बाहेर पडायच्या वाटेवरच मांडा. केक कापायचा तो या सगळ्यानंतर. लेंड्या आणि पेंढा पोत्यात भरून परत न्या. कचऱ्याच्या बाबतीत इंदूरकर काटेकोर आहेत, पुढची ऑर्डर त्यावरही ठरते.

बिघडलं तर

ससा दहा-बारा तास काही खात नाही, लेंड्याही टाकत नाही: उद्यापर्यंत थांबू नका, आतडी बंद पडू लागली असू शकतात. ससा धापा टाकतो, तोंड ओलं दिसतं: सावलीत न्या, कान गार पाण्याने ओले करा, बर्फ लावू नका आणि डॉक्टर गाठा. शेळीची डावी कूस फुगून टणक झाली, रवंथ थांबली: घरगुती उपायांत वेळ घालवू नका. शेळ्यांना पीपीआर (विषाणूंमुळे येणारा साथीचा आजार) आणि आंत्रविषार (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषामुळे होणारा आजार) यांची लस वेळच्या वेळी द्या, आंत्रविषारची पावसाळ्याआधी.

एकाच वेळी अनेक कोंबड्या मलूल झाल्या किंवा परिसरात कावळे मरून पडले, तर पक्षी नेणं त्याच दिवशी थांबवा आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा. डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदूरमध्ये मेलेल्या कावळ्यांतच एच५एन८ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता. नवा प्राणी आणला की तीन आठवडे वेगळ्या बाड्यात ठेवा, जुन्यांचं दाणापाणी आधी आणि त्याचं नंतर करा.

तुमचे कार्यक्रम रविवारी, आणि रविवारी बरेच दवाखाने बंद. सशावर उपचार करणारे डॉक्टर त्याहून कमी. त्यामुळे पहिली ऑर्डर घेण्याआधी असे दोन डॉक्टर शोधा, रविवारी फोन उचलतील का ते स्पष्ट विचारा, महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्याच्या वेळा माहीत करून घ्या आणि हे सगळं गाडीच्या दारावर आतून चिकटवा.