सुळ्यांवर पेन्सिल: व्हॅम्पायरच्या प्रेमकथेवर अभिप्राय लिहिताना

'भारी आहे' किंवा 'बालिश आहे' एवढंच लिहायचं असेल, तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल. मी पोटापाण्यासाठी मुद्रितं तपासते आणि हौसेने व्हॅम्पायरच्या प्रेमकादंबऱ्या वाचते. धंद्याची खोड हौसेतही शिरलीच. आता या प्रकाराचं पुस्तक कसं तपासायचं याची एक पद्धत बसली आहे, ती सांगते.

पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घेऊ नका. गोष्टीत वाहून जायचंच असतं, त्याची लाज कसली? फक्त कुठल्या पानावर रात्रीचे दोन वाजल्याचं भान राहिलं नाही आणि कुठे मोबाइल उचलावासा वाटला, एवढं लक्षात ठेवा. अभिप्रायाचं खरं भांडवल तेच.

दुसऱ्या वाचनाला वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे पुस्तकाने स्वतः घातलेले नियम लिहा: ऊन चालतं की नाही, आरशात दिसतो की नाही, रक्त किती दिवसांनी लागतं, आमंत्रणाशिवाय उंबरठा ओलांडता येतो का. उजवीकडे तो नियम कुठे पाळला, कुठे मोडला त्याचे पान क्रमांक.

इथे एक चूक हमखास होते. 'व्हॅम्पायर उन्हात फिरूच शकत नाही, लेखिकेला एवढंही माहीत नाही' असं लोक ठोकून देतात. १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतला काउंट, म्हणजे व्हॅम्पायर ड्रॅक्युला स्वतः, लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो, त्याची ताकद तेवढी ओसरते. उन्हाने व्हॅम्पायर संपतो ही कल्पना पडद्यावर आली ती १९२२ च्या 'नोस्फेराटू' या मूकपटात. तेव्हा पुस्तकाला दुसऱ्याच्या नियमाने झोडपू नका. त्याचा स्वतःचा नियम त्याला लावा.

गेल्या महिन्यात वाचलेल्या एका कादंबरीचंच उदाहरण घ्या. नाव नाही सांगत. नायिका इस्पितळात रात्रपाळीला, नायक तीनशे वर्षांचा. तिसऱ्या प्रकरणात तो तिच्या दाराबाहेर पावसात उभा राहतो. ती 'ये' म्हणेपर्यंत पाऊल टाकता येत नाही, आणि ती दार अर्धवट उघडं ठेवून चहा गाळत बसते. तो भिजतोय, ती मुद्दाम गाळणं दोनदा धुते. काय प्रसंग आहे! तीनशे वर्षांची ताकद एका शब्दावर अडलेली, आणि तो शब्द तिच्याकडे. बाराव्या प्रकरणात ती घर बदलते. एकोणिसाव्यात तो नव्या घराच्या स्वयंपाकघरात उभा! बोलावलं कोणी? नियम घराचा असेल, तर ही घोडचूक. माणसाचा असेल, तर तसं कुठेतरी सांगायला हवं होतं. बरं, चूक एवढीच नाही. त्या पावसातल्या दाराने तिला जे बळ दिलं होतं, तेच लेखिकेने हातचं घालवलं. उणीव लिहिताना 'इथे विसंगती आहे' यावर थांबू नका, त्या विसंगतीने प्रेमाचं काय नुकसान केलं ते लिहा.

प्रेम तपासायची माझी कसोटी साधी आहे: नायकाचे सुळे मनातल्या मनात काढून टाका. देखणा, श्रीमंत, अबोल, थोडा संतापी असा माणूस उरला आणि गोष्ट तशीच चालली, तर सुळे निव्वळ दागिना आहेत. १८१९ मध्ये जॉन पोलिडोरी या इंग्रज लेखकाने आपल्या कथेत व्हॅम्पायरला उमराव करून दिवाणखान्यात बसवलं, तेव्हापासून देखणेपणाला काही तोटा नाही. विचारायचं ते हे, की या माणसावर प्रेम करण्याची किंमत कोण मोजतं? त्याच कादंबरीत नायिका दिवसा झोपायला लागते. पडद्याच्या फटी कपड्यांच्या चिमट्यांनी बंद करते. आईचे फोन दुपारी येतात, ते वाजून वाजून थांबतात. 'मी तुझ्यासाठी सगळं सोडेन' या संवादापेक्षा मला ते चिमटे पटले.

संमतीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. एकदा मी एका नायकाच्या हळुवारपणाचं तोंड भरून कौतुक लिहिलं. दुसऱ्यांदा वाचताना दिसलं, की चौथ्या प्रकरणातच त्याने तिच्यावर नजरेची मोहिनी घातली होती आणि ती उतरवल्याचा पुढे कुठे उल्लेखच नव्हता. मग तिचा होकार तिचा होता का? पुस्तकाला हा प्रश्न पडला असेल, तर ते बलस्थान. पडलाच नसेल, तर स्पष्ट लिहा. झोपेत टक लावून बघणं, फोन तपासणं हे 'काळजी' म्हणून खपवलेलं असतं, तेही नोंदवा.

अर्बन फँटसी, म्हणजे शहरात घडणारी अद्भुतकथा, म्हटली की शहराला काम हवं. नुसते निऑन दिवे आणि ओले रस्ते म्हणजे नेपथ्य. रक्त येतं कुठून, मृतदेहाची नोंद कोण करतं, कागदोपत्री वय कसं लपवतात, याची उत्तरं शहराच्या रचनेतून आली तर मजा येते. आणि प्रेम वजा केल्यावरही कथानक उभं राहतं का, तेही पाहा. राहिलं तर पुस्तक अर्बन फँटसीकडे झुकतं, कोसळलं तर ती मुळात प्रेमकथा. यात कमीजास्त काही नाही, वाचकाला काय हाती लागेल ते कळावं एवढंच.

बाकी किरकोळ: प्रेमाचा त्रिकोण ओढूनताणून आणलाय का, पुस्तक मालिकेतलं असेल तर गोष्ट अर्ध्यावर तुटते का. शेवट फोडू नका.

लिहायला बसलात की सुरुवात त्या रात्री दोनच्या पानापासून करा. त्या कादंबरीवरचा माझा मजकूर शेवटी असा झाला: 'दार, पाऊस आणि चहाचं गाळणं यांसाठी तिसरं प्रकरण दोनदा वाचा. रात्रपाळीचं इस्पितळ अस्सल उतरलंय. नायक बोलायला लागला की मात्र कंटाळा येतो, तीनशे वर्षांत त्याने विनोद एकही ऐकलेला दिसत नाही. नव्या घरात तो शिरला कसा, हे दुसऱ्या भागात कळलं तर मी हे वाक्य मागे घेईन.'