मिरगीची गोळी चालू असताना पोट साफ व्हायचं औषध कसं घ्यायचं

मायले मिरगीची कार्बामाझेपिन चालू हाय, उन्हाळ्यात पोट साफ होत नाही म्हणून ते गोळीसंगच इसबगोल घेत जाये, तसं करू नोका बाप्पा, इसबगोलमुळं गोळी अंगी कमी लागू शकते. गोळी ठरल्या टायमालेच, इसबगोल तिच्यापासून कमीत कमी 2 तास दूर अन वरून भरपूर पाणी. जमालगोटा, एरंडेल मनानं घेऊच नोका, लय जुलाब लागले की अंगातलं पाणी अन सोडियम घटते अन फिट येऊ शकते, त्यात कार्बामाझेपिननंही सोडियम कमी होऊ शकते. जुलाब लागलेच तर ओआरएस पाजा, लगेच दवाखान्यात न्या. दुकानातून औषध घेताना फिटच्या गोळीचं पाकीट दाखवा, डॉक्टरले इचारा. पोटापायी फिटची गोळी मात्र एक दिवसही बंद नोका करू.