पोलोवर घर चालवायचं असेल तर

पोलोत पैसा आहे का, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. आहे. फक्त तो कुठून येतो हे आधी कळलं पाहिजे. इथे तिकीट काढून येणारं पब्लिक फारसं नाही, टीव्हीच्या हक्कांचे कोटी नाहीत. पैसा येतो पेट्रनच्या खिशातून. टीम त्याची, बरेचदा घोडे त्याचे, आणि चौघांच्या टीममधला एक जण तो स्वतः. आपण प्रोफेशनल लोक त्याला जिंकवायला असतो. स्वतः गोल मारण्यापेक्षा त्याला मारता येईल असा पास देणं, हे कित्येकदा आपलं खरं काम. ज्याला यात अपमान वाटतो त्याने हौस म्हणून खेळावं. त्यात कमीपणा काही नाही.

मी पुण्यातलाच. वडील रेसकोर्सवर मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, होते, त्यामुळे खरारा आणि चंदी हे शब्द बाराखडीच्या आधी कानावर पडले. पुढे अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सबाहेर पिलारजवळ एका फार्मवर घोडे सांभाळायचं काम धरलं आणि तिथूनच खेळायला लागलो. आता उन्हाळा इंग्लंडमध्ये जातो, थंडी दिल्ली-जयपूरला. बायको, मुलगी आणि आई वानवडीत.

हँडिकॅपचं गणित नीट डोक्यात बसवा, कारण पगार त्यावर ठरतो. प्रत्येक खेळाडूला त्याच्या खेळाच्या दर्जाप्रमाणे उणे २ ते १० या दरम्यानचा आकडा मिळतो. भारतात तो इंडियन पोलो असोसिएशन देते, इंग्लंडमध्ये हर्लिंगहॅम पोलो असोसिएशन. १० वर पोचलेले जवळजवळ सगळे अर्जेंटिनाचे, तेव्हा ते स्वप्न तूर्त बाजूला ठेवू. टूर्नामेंट ८ गोलची असेल तर चौघांच्या हँडिकॅपची बेरीज ८ च्या वर जाऊन चालत नाही. पेट्रन ०, मोठा प्रोफेशनल ५, उरले ३. या तिनात दोन माणसं बसवायची. मग मागणी कोणाला? ज्याचा आकडा १ आणि खेळ मात्र दोन-तीनच्या तोडीचा, त्याला. गंमत पुढे आहे. हंगाम झकास गेला की आकडा वाढतो, मित्र पेढे मागतात, आणि पुढच्या वर्षी जुन्या टीमच्या बेरजेत तुम्ही मावत नाही. बढती मिळाली म्हणून नोकरी जाते, असा धंदा दुसरा माझ्या पाहण्यात नाही. म्हणून आकडा वाढणार अशी कुणकुण लागली की लगेच दोन-तीन ठिकाणी बोलणी सुरू करा. "दिवाळीनंतर बघू" म्हणणारा पेट्रन दिवाळीनंतर फोन उचलत नाही.

पण नुसत्या आकड्यावर कोणी ठेवून घेत नाही. एक चक्कर, म्हणजे मॅचचा एक डाव, सात मिनिटांची, त्यात घोडा भरधाव पळतो, जागच्या जागी थांबतो, वळतो, दुसऱ्या घोड्याच्या खांद्याला खांदा भिडवतो. तोच घोडा लागोपाठ दुसऱ्या चक्करला उतरवत नाहीत. म्हणून साध्या चार चकरांच्या मॅचलासुद्धा माणशी दोन-तीन तरी घोडे लागतात. यातला एक जरी लंगडा झाला तरी पेट्रनचं नुकसान तुमच्या पगारापेक्षा मोठं. त्यामुळे घोडा ज्याला कळतो, त्याला काम मिळतं.

घोडा कळतो म्हणजे काय, ते सांगतो. मॅचच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, दाणा टाकायच्या आधी, प्रत्येक पायावरून हात फिरवायचा. गुडघ्यापासून सुरुवात, नळीवरून खाली, मग नळीच्या मागची जाड नस अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून सावकाश खुराच्या वरपर्यंत. हातमोजा नको. डावा आणि उजवा पाय लागोपाठ तपासायचे, म्हणजे फरक कळतो. एका जागी जरा ऊब लागली, किंवा दाबल्यावर घोड्याने पाय उचलून घेतला, तर त्या दिवशी त्याला काम नाही, पेट्रनचा पाहुणा कितीही मोठा असो. ही ऊब बरेचदा सुजेच्या आधी येते. पिलारला माझ्या वरचा माणूस हे रोज करायचा आणि तोंडातून अवाक्षर काढायचा नाही. मी मागे उभं राहून शिकलो. वडील रेसच्या घोड्यांना अगदी असंच करायचे, हे तिथे गेल्यावर लक्षात आलं.

परदेशाचं बोलायचं तर सुरुवात अर्जेंटिनाला मोतद्दार म्हणून करण्यासारखी शाळा नाही. स्पॅनिश शिकून जा, निदान तबेल्यापुरती. इंग्लंडला पगारी खेळायचं तर खेळाडूंसाठीचा वेगळा व्हिसा लागतो आणि त्याला हर्लिंगहॅम असोसिएशनची शिफारस लागते. "टुरिस्टवर या, इथे बघून घेऊ" असं सांगणारे भेटतील. त्यांचं काही जात नाही, विमानतळावरून परत पाठवतात ते आपल्याला. कराराच्या कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: पैसे कोणत्या तारखेला, राहायला कुठे, घोडे कोणाचे, आणि हाड मोडलं तर दवाखान्याचा खर्च कोणाचा. शेवटची गोष्ट कोणी आपणहून लिहीत नाही. आपली इथली मेडिक्लेम पॉलिसीही काढून वाचा. पगारी खेळातली दुखापत पुष्कळ पॉलिशांमध्ये वगळलेली असते.

आता घर. यावर कोणी बोलत नाही, आणि बरीच पोरं इथेच गळतात. पैसे हंगामाचे येतात, खर्च महिन्याचा असतो. आमच्याकडे हिशेब बायकोच्या हातात. हंगामाचे पैसे आले की ते एका खात्यात पडतात आणि तिथून दर महिन्याला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात जाते, पगार असावा तशी. तिचं म्हणणं सरळ आहे: "अहो, तुमचा सीझन संपला म्हणून दूधवाला थांबत नाही." शिवाय आर्थिक वर्षात भारतात किती दिवस राहिलात यावर कर बदलतो, १८२ दिवसांची रेघ महत्त्वाची आहे. परदेशी जाण्याआधी सीएला विचारा, परत आल्यावर नव्हे.

सणांचं म्हणाल तर दिवाळी माझी नाहीच, तेव्हा दिल्लीचा नाहीतर जयपूरचा हंगाम असतो. गणपतीचं अधिक महिन्यावर अवलंबून. ज्या वर्षी गणपतीच्या आधी अधिक येतो त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या मध्यावर सरकतात आणि मला इंग्लंडहून घरी पोचता येतं. मुलगी नवं कॅलेंडर आलं की आधी ते बघते. व्हिसावर कुटुंबाला बरोबर नेता येतं, पण चार-पाच महिन्यांसाठी शाळा तोडायची आणि तबेल्याशेजारच्या दोन खोल्यांत संसार मांडायचा, हे आम्हाला पटलं नाही. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी जरूर न्यावं. लग्न ठरवताना हे सगळं मुलीला आणि तिच्या घरच्यांना स्पष्ट सांगा. फोटोतली पांढरी पँट बघून होकार देणारे भेटतात.

पुण्यात सुरुवात कशी करायची? पुणे म्हणजे जयपूर नाही. इथला पोलो मुख्यतः लष्कराच्या आधाराने टिकलाय. खडकवासल्याला एनडीएत कॅडेटना पोलो शिकवतात, त्यामुळे तो रस्ता ज्यांना झेपेल त्यांच्यासाठी सर्वांत उत्तम. बाकीच्यांनी आधी रायडिंग पक्कं करावं. जुलै ते ऑक्टोबर इथे रेसचा हंगाम असतो, तेव्हा पहाटे तबेल्यात पडेल ते काम मागा, लीद काढायचंसुद्धा. रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड जातीचे घोडे पुढे रायडिंग स्कूलला आणि पोलोला जातात, त्यामुळे तिथली ओळख पुढे उपयोगी पडते. दुडकीवर रिकिबीशिवाय बसता येईपर्यंत स्टिकला हात लावू नका. मग लाकडी घोडा: जाळीत उभा असतो, मारलेला बॉल उतारावरून परत येतो. कंटाळा येईपर्यंत त्यावर मारा, खऱ्या घोड्याच्या पायावर स्टिक बसण्यापेक्षा ते बरं. मुलींनीही मागे राहू नये, या खेळात बाया आणि पुरुष एकाच टीममध्ये खेळतात.

डावखुऱ्यांना मात्र सवलत नाही. समोरासमोर येणाऱ्या घोड्यांची टक्कर होऊ नये म्हणून स्टिक उजव्याच हातात धरायचा नियम आहे. लगाम डाव्या हातात राहतो, आणि माझ्या पाहण्यातल्या डावखुऱ्या पोरांचा घोड्यावरचा ताबा त्यामुळे चांगलाच असतो. मार बसायला तेवढा वेळ लागतो.