काळ्या बुरशीने पाण्यातलं तांबं काढताना कॉस्टिक नीट धुवा

कांद्यावर काळी भुकटी धरते ती बहुतेक वेळा ॲस्परजिलस नायजर. तिच्या पेशीभित्तीतले कायटिन, कार्बॉक्सिल आणि फॉस्फेट गट धातूचे आयन धरून ठेवतात. त्यासाठी बुरशी जिवंत लागत नाही. मात्र कांद्यावरून खरवडून घेऊ नका. ओळख पटलेलं शुद्ध कल्चरच (प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी) घ्या, कारण हिचे बीजाणू फुप्फुसाला घातक ठरू शकतात.

बटाटा-डेक्स्ट्रोजच्या द्रवात ३० अंशांवर, शेकरवर पाच दिवस वाढवा. १२१ अंशांवर २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा (दाबाच्या वाफेने बुरशी मारा), गाळा.

आता खरी मेख. ओली बुरशी ०.५ नॉर्मल कॉस्टिकमध्ये (सोडियम हायड्रॉक्साइड), म्हणजे लिटरला २० ग्रॅम, १५ मिनिटं उकळा. प्रथिनं आणि मेद निघून जातात, धातू धरणाऱ्या जागा मोकळ्या होतात. इथवर सगळे बरोबर करतात. नंतर दोन-तीनदा पाणी ओतून वाळवायला टाकतात आणि प्रयोग तिथेच बिघडतो. बुरशीच्या जाळीत अडकलेलं कॉस्टिक तांब्याच्या द्रावणात उतरतं, पीएच (आम्ल-अल्क दाखवणारा आकडा, सात म्हणजे उदासीन) ६ च्या वर जातो आणि तांबं हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. गाळलेल्या पाण्यात तांबं दिसत नाही, की अहवालात ‘९५ टक्के शोषण’. ते काम कॉस्टिकचं, बुरशीचं नव्हे.

त्यात आपल्याकडे धुवायला बोअरचं पाणी वापरतात. बेसाल्टमधलं हे जड, बायकार्बोनेटचं पाणी मुळातच अल्कधर्मी; त्याने कितीही धुतलं तरी पीएच सातवर येत नाही, उलट कॅल्शियम जागा अडवून बसतं. सुरुवातीपासून डिस्टिल्ड पाणीच वापरा आणि किती वेळा धुतलं हे मोजत बसू नका. ६० अंशांवर वाळवून, दळून, चाळलेली एक ग्रॅम पूड १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास ढवळा. पीएच सातच्या वर गेला तर सगळी पूड परत धुवायला घ्या. ही चाचणी टाळायची नाही.

प्रयोगशाळेच्या प्रतीचा मोरचूद (कॉपर सल्फेट) घ्या: ०.३९३ ग्रॅम एका लिटरमध्ये, म्हणजे १०० मिग्रॅ तांबं. त्याचं दहापट पातळ द्रावण १०० मिली आणि पूड ०.२ ग्रॅम. पीएच ५ वर आणा. ५, १५, ३० मिनिटांनी पुन्हा तपासा, कारण पूड हायड्रोजन आयनही ओढते आणि पीएच वर सरकतो. पातळ नायट्रिक आम्लाच्या थेंबाने खाली आणा. सहा ओलांडला तर ते वाचन फेकून द्या. शेजारी पूड न घातलेला फ्लास्क ठेवा आणि तोही त्याच कागदातून गाळा, कारण गाळणकागदही थोडं तांबं धरतो. दोन तासांनी पाण्यातलं तांबं धातू मोजणाऱ्या एएएस यंत्रावर मोजा.

०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात तांबं परत सुटतं. पण हा शोषणाचा पुरावा धरू नका. हायड्रॉक्साइडही आम्लात विरघळतं.

हे आकडे डिस्टिल्ड पाण्यातले. प्लेटिंगच्या सांडपाण्यात कॅल्शियम, झिंक, निकेल जागेसाठी भांडतात, म्हणून तिथे चाचणी नव्याने घ्या. सहा संयुजेच्या क्रोमियमला तर पीएच २ च्या आसपास लागतो. गाळलेलं पाणी पिऊ नका. वापरलेली पूड आणि आम्ल उकिरड्यावर किंवा शेतखतात टाकू नका. कारखान्याच्या पाण्यातली असेल तर घातक कचरा म्हणूनच द्या.