जाड मांजराचे वजन सावकाश कसे उतरवावे

फ्लॅटमध्ये वाढलेल्या आणि नसबंदी झालेल्या मांजराचे वजन वाढले तर त्यात नवल काहीच नाही. नसबंदीनंतर त्याची ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्श्याने कमी होते, भूक मात्र वाढते. खिडक्यांना जाळी असते, शिकारीला उंदीर नसतो आणि खाण्याचा वाडगा दिवसभर भरलेला असतो. अशा मांजराला बारीक करायचे घरात एकदा ठरले की बहुतेक जण पहिल्याच दिवशी त्याचे खाणे निम्म्यावर आणतात, आणि सर्वांत मोठा धोका तिथेच असतो.

जाड मांजर दोन-तीन दिवस पुरेसे जेवले नाही, की त्याचे शरीर साठवलेली चरबी झपाट्याने मोकळी करून यकृताकडे पाठवू लागते. एवढ्या चरबीचा निपटारा करणे मांजराच्या यकृताला जमत नाही. ती यकृताच्या पेशींतच साचत जाते आणि यकृत काम करीनासे होते. उलट्या, लाळ गळणे, मलूल होऊन कोपऱ्यात पडून राहणे, हिरड्या आणि कानांची आतली बाजू पिवळसर दिसणे ही त्याची लक्षणे आहेत. पुष्कळदा अशा मांजराला कित्येक आठवडे नळीने अन्न द्यावे लागते, आणि उपचाराला उशीर झाला तर ते दगावतेही. माणसाला एकादशी मानवते, मांजराला मानवत नाही. म्हणून जाड मांजराने २४ तास काहीही खाल्ले नाही, तर भूक लागली की खाईल असे म्हणत वाट पाहू नये. पशुवैद्याला लगेच फोन करावा. नवे खाद्य आणले आणि मांजराने ते नाकारले, तेव्हाही हाच नियम लागू आहे.

आधी पाहावे ते हाताने

वजनाचा आकडा एकटा फारसे सांगत नाही, कारण साडेचार किलो वजन एका मांजराला शोभते आणि हाडापेराने लहान असलेल्या दुसऱ्याला जड होते. हाताची एक सोपी चाचणी आहे. आपल्या एका हाताचा पंजा सरळ पसरून त्या हाताच्या पाठीवरून, बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून, दुसऱ्या हाताची बोटे अलगद फिरवावीत. मांजराच्या बरगड्या तशाच जाणवल्या पाहिजेत: वर पातळ थर, पण हाडे सहज मोजता येतील अशी. मूठ वळल्यावर जशी टोके टोचतात तशा बरगड्या टोचल्या तर मांजर हडकुळे आहे. आणि तळहाताच्या मांसल भागावरून बोटे फिरवताना हाडे शोधावी लागतात तशा शोधाव्या लागल्या तर ते जाड आहे. पर्शियन मांजराच्या बाबतीत डोळ्यांवर मुळीच विसंबू नये, कारण त्याचे केस सारे काही झाकून टाकतात.

पशुवैद्य यासाठी १ ते ९ गुणांची मोजपट्टी वापरतात. तिच्यात ५ हा गुण योग्य मानतात, आणि त्यापुढचा प्रत्येक गुण म्हणजे सुमारे १० ते १५ टक्के जास्तीचे वजन. मांजर कोणत्या गुणावर आहे आणि कोणते वजन गाठायचे, हे पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. ही भेट टाळू नये, याला आणखी एक कारण आहे. पोट मोठे पण पाठीचा कणा हाताला टोचणारा असेल, तर तो लठ्ठपणा नसून पोटात साठलेले पाणी किंवा दुसरा एखादा आजार असण्याची शक्यता असते. नसबंदी न झालेल्या भाटीच्या बाबतीत तर साधे गाभणपणही असू शकते. मांजराला मधुमेह असून इन्सुलिन चालू असेल, तर खाण्यात स्वतःच्या मनाने काडीचाही बदल करू नये, कारण खाणे कमी झाले आणि इन्सुलिन तेवढेच राहिले तर रक्तातील साखर घातक पातळीपर्यंत उतरते.

हिशेब

समजा, बोका ६ किलोचा आहे आणि पशुवैद्याने त्याचे योग्य वजन साडेचार किलो ठरवले आहे. विश्रांतीच्या स्थितीत लागणारी ऊर्जा काढण्यासाठी योग्य वजनाचा ०.७५ वा घात घेऊन त्याला ७० ने गुणतात; साडेचार किलोसाठी हे उत्तर सुमारे २१६ किलोकॅलरी येते. वजन उतरवण्यासाठी त्याच्या ८० टक्के, म्हणजे दिवसाला सुमारे १७५ किलोकॅलरी, इथून सुरुवात करतात. हिशेब ठरवलेल्या वजनावर करायचा असतो. आजच्या वजनावर केला तर आकडा फुगतो.

आता १७५ किलोकॅलरी म्हणजे वाडग्यात नेमके किती, हे पाकिटावरून काढायचे. काही पाकिटांवर ऊर्जेचा आकडा छापलेला असतो. नसेल तर टक्केवारीवरून अंदाज बांधता येतो. प्रथिने ३२, स्निग्धांश १५, तंतू ३, ओलावा १० आणि राख (म्हणजे खनिजांचा अंश) ८ टक्के असेल, तर उरलेले ३२ टक्के पिष्टमय पदार्थ धरावेत. राखेचा आकडा दिलेला नसेल तर कोरड्या खाद्यासाठी तो ८ धरायला हरकत नाही. प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ यांना प्रत्येकी साडेतीनने आणि स्निग्धांशाला साडेआठने गुणून बेरीज केली की १०० ग्रॅममागे सुमारे ३५० किलोकॅलरी येतात. म्हणजे आपल्या बोक्याला दिवसभरात मिळायचे ५० ग्रॅम कोरडे खाद्य. ७० किलोकॅलरींचे एक ओले पाउच दिले, तर कोरडे ३० ग्रॅमच उरते. ओल्या खाद्यात सुमारे ८० टक्के पाणी असते; त्यामुळे तेवढ्याच ऊर्जेत वाडगा भरलेला दिसतो आणि पोटही भरते. परवडत असेल तर दिवसातून एकदा तरी ओले द्यावे, असे माझे मत आहे.

हे ५० ग्रॅम स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर तोलावेत. वाटी किंवा पाकिटासोबत मिळणारा प्लास्टिकचा कप यांवर भरवसा ठेवू नये; एकच वाटी एकाने सपाट भरली आणि दुसऱ्याने शिगोशीग भरली, तर १० ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि ५० ग्रॅममध्ये १० ग्रॅम म्हणजे पाचवा हिस्सा.

मात्र आज १०० ग्रॅम खाणाऱ्या मांजराला उद्या ५० ग्रॅमवर आणू नये. पहिला आठवडाभर ते सध्या किती खाते एवढेच तोलून लिहावे आणि मग टप्प्याटप्प्याने कमी करत जावे. कपात बरीच मोठी असेल, तर नेहमीचेच खाद्य निम्म्यावर आणण्याऐवजी पशुवैद्याच्या सल्ल्याने वजन उतरवण्यासाठी तयार केलेले खाद्य घ्यावे. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हा पोषक घटक त्याला अन्नातूनच मिळावा लागतो आणि प्रथिने कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. नेहमीचे खाद्य फार कमी केले की कॅलरींबरोबर हे घटकही कमी होतात. वजन उतरवण्याच्या खाद्यात ते जाणूनबुजून वाढवलेले असतात. नवे खाद्य ७ ते १० दिवसांत, जुन्यात थोडे थोडे मिसळत आणावे.

घरातील माणसांचे काय करावे

हिशेब बिघडतो तो बहुधा माणसांमुळे. सकाळी आजी दूधपोळी घालतात, दुपारी कोणी बांगड्याचे डोके टाकते, संध्याकाळी मुले चिकनचे तुकडे भरवतात, आणि प्रत्येकाला आपण दिले ते जरासेच वाटते. म्हशीच्या दुधाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण १०० किलोकॅलरी असतात. वरच्या बोक्याच्या दिवसभराच्या वाट्यापैकी निम्म्याहून अधिक भाग त्या एका वाटीतच संपतो. शिवाय पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. आजींना दूध बंद करा म्हणून सांगण्यापेक्षा त्या वाटीतील आकडा दाखवावा आणि भरवण्याचे काम त्यांच्याकडेच राहू द्यावे.

यावर मला सर्वांत उपयोगी वाटणारा उपाय म्हणजे एक डबा. सकाळी दिवसभराचे खाद्य तोलून एका झाकणाच्या डब्यात भरावे आणि ज्याला मांजराला काही द्यावेसे वाटेल त्याने त्या डब्यातूनच द्यावे. डबा रिकामा झाला की त्या दिवशीचे खाणे संपले. वेगळा खाऊ द्यायचाच असेल, तर दिवसाच्या १० टक्के कॅलरींपेक्षा जास्त नको: कातडी काढून नुसत्या पाण्यात उकडलेले १० ग्रॅम चिकन चालेल, आणि त्या बदल्यात डब्यातील ५ ग्रॅम खाद्य कमी करावे. कांदा-लसणाचा मसाला लागलेला तुकडा मात्र कधीच देऊ नये. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. मांजर बाहेर फिरत असेल तर शेजारी, रखवालदार आणि कोळीणबाई यांनाही सांगून ठेवणे भाग आहे.

घरात दुसरे मांजर असेल तर भरलेला वाडगा उघडा ठेवण्याची पद्धत बंद करावी. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत वेळेवर जेवू घालून अर्ध्या तासाने उरलेले उचलावे. किंवा बारीक मांजराचा वाडगा उंच फळीवर ठेवावा, जाड्याला तिथे उडी मारता येत नाही तोवर हे छान चालते. उडी मारता येऊ लागली की फळी बदलावी लागते, आणि ती चांगलीच बातमी आहे.

दिवसाचे खाणे चार-पाच लहान भागांत दिले तर भुकेची तक्रार कमी होते. पहाटे चारला ओरडून उठवणारे मांजर असेल तर उठल्या उठल्या वाडगा भरू नये, कारण ओरडले की मिळते हे ते एकाच दिवसात शिकते. आधी स्वतःचा चहा करावा, मग त्याला द्यावे. वेळ लावून उघडणारा खाद्ययंत्राचा डबा घेतला तर मांजर माणसाऐवजी त्या डब्यापाशी जाऊन बसते. कोरडे दाणे भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत घालून द्यावेत, म्हणजे ती लोटत लोटत एकेक दाणा मिळवण्यात त्याचा व्यायामही होतो.

खेळ दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटे पुरे. काठीला बांधलेले पीस जमिनीलगत सरपटत न्यावे. जड मांजराला उंच उड्या मारायला लावू नयेत, त्याचे सांधे आधीच भार सोसत असतात. तोंड उघडून धापा टाकू लागले तर खेळ तिथेच थांबवावा आणि पशुवैद्याला कळवावे. खेळून झाल्यावर लोकर, दोरा किंवा मांजा हाती लागेल असा ठेवू नये. गिळलेला दोरा आतड्याला चुण्या पाडून ते कापतो.

वजन पाहणे

आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट हा चांगला वेग. ६ किलोच्या बोक्यासाठी हे ३० ते ६० ग्रॅम होतात, आणि दीड किलो उतरायला सहा महिने ते वर्ष लागते. माणसाच्या वजनकाट्यावर मांजराला कडेवर घेऊन उभे राहिल्यास एवढा बारीक फरक दिसत नाही. तान्ह्या बाळांचा काटा किंवा सामान तोलण्याचा, १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा वापरावा. दुसऱ्यात मांजराला पिंजऱ्यासह टांगून पिंजऱ्याचे वजन वजा करावे. दर पंधरा दिवसांनी, सकाळी खाण्यापूर्वी वजन करून वहीत लिहावे.

आठवड्याला दोन टक्क्यांहून जास्त उतरू लागले तर खाणे वाढवावे, मग ते पाहून घरच्यांना कितीही आनंद झालेला असो. महिनाभर काटा हललाच नाही, तर आधी डब्याबाहेरून कोण काय देते आहे ते शोधावे. त्यानंतरच, पशुवैद्याला विचारून, पाच-दहा टक्के कमी करावे.

ठरलेले वजन आले म्हणून पूर्वीच्या मापावर परत जाऊ नये. खाद्य दहा टक्क्यांनी वाढवून पंधरा दिवस पाहावे, वजन अजून घटत असेल तर पुन्हा थोडे वाढवावे, आणि ते स्थिरावेल ते माप कायमचे धरावे. तेव्हाही मागच्या पायांपुढे पोटाखाली कातडीची एक सैल झोळी चालताना डुलताना दिसेल. ती बऱ्याच निरोगी मांजरांना असते आणि जाड्या मांजराची कातडी ताणली गेल्यामुळे थोडी अधिक लोंबते. बरगड्या हाताला नीट लागत असतील तर ती घालवण्यासाठी खाणे आणखी कमी करू नये.