वायरमनची परीक्षा: साइटवर चालतं ते पेपरात चालत नाही, या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत पंधरा-पंधरा वर्षं पॅनेल उघडून बसणारा माणूस वायरमनच्या परीक्षेत आडवा होतो आणि ज्याला अजून पक्कड नीट धरता येत नाही ते पोरगं पास होतं. मग चहाच्या गाड्यावर चर्चा सुरू होते, की पेपर वशिल्याचा होता. वशिल्याचं मला माहीत नाही. पण नापास झालेल्यांना दोन-चार प्रश्न विचारले की कारण लगेच सापडतं. साइटवर दिवा लागला की काम संपलं. परीक्षेत दिवा लावायच्या आधी तुम्ही काय तपासलं, कशानं तपासलं आणि का, याचे मार्क असतात. नवख्याला हे पाठ करावं लागतं म्हणून त्याला येतं. जुन्याला मात्र आधी सवय मोडावी लागते.

सुरुवातीला एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे वायरमन, पर्यवेक्षक आणि ठेकेदार असे वेगवेगळे परवाने आहेत. सरकारी कागदात वायरमनला तारतंत्री आणि इलेक्ट्रिशियनला वीजतंत्री म्हणतात. कोणता परवाना काढायचाय हे न ठरवता मित्राने आणलेल्या झेरॉक्स नोट्स वाचत बसणारे बरेच आहेत. पर्यवेक्षकाच्या नोट्समधली सबस्टेशनची आणि रिलेची पानं पाठ करून वायरमनच्या परीक्षेला जाण्यात अर्थ नाही. चालू वर्षाची जाहिरात आणि अभ्यासक्रम आधी हातात घ्या, पात्रता आणि सवलतीच्या अटीही तिथेच वाचा. पुस्तक त्यानंतर.

मेगर हातात येतो तेव्हा

प्रात्यक्षिकात सगळ्यात जास्त मार्क इथं सांडतात असं माझं मत आहे. कारण मेगर, म्हणजे तारेच्या इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र, घरगुती कामात कुणी वापरतच नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडची किती तरी मीटरबोर्डं आठवडाभर पाण्यात होती. पाणी उतरल्यावर बोर्ड पुसला, हेअर ड्रायर मारला आणि मेन चढवला, असं काम करणारे भरपूर होते. इन्सुलेशन मोजलं का, असं विचारलं तर उत्तर यायचं, "काय हुतंय भावा, चालू झालं की!" परीक्षकासमोर हे उत्तर चालत नाही, आणि ओल्या भिंतीच्या घरातही ते देऊ नये.

वायरिंगच्या इन्सुलेशनच्या दोन चाचण्या असतात आणि लोक त्यांची खिचडी करतात. पहिली वायरिंग आणि अर्थ यांच्यातली. मेन बंद, फ्यूज जागेवर, सगळे स्विच चालू, दिवे होल्डरमध्ये. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून मेगरच्या एका टर्मिनलला, अर्थ दुसऱ्याला. दुसरी चाचणी फेज आणि न्यूट्रल यांच्यातली. इथं मेन बंद आणि स्विच चालूच, पण दिवे काढायचे, पंखे आणि बाकीची उपकरणं सोडवायची. दिवे तसेच ठेवले तर मेगर दिव्याच्या फिलामेंटमधूनच वाट काढतो आणि काटा शून्याकडे पडतो. मग उमेदवार घाबरून सांगतो, "सर, शॉर्ट आहे." वायरिंगला काही झालेलं नसतं, दिवा काढायचा राहिलेला असतो.

आकडाही लक्षात ठेवा: ५०० व्होल्ट डीसीवर निदान १ मेगओहम. आणि तो मेगओहम म्हणूनच सांगा. नुसतं "एक" म्हटलं की परीक्षक मुद्दाम विचारतात, "एक काय? ओहम?" तिथं जीभ अडखळली की पुढचे प्रश्न त्याच जागी खोदले जातात. आणखी एक खोड म्हणजे आपल्याच मेगरची तपासणी न करणं. दोन्ही टोकं जोडून शून्य येतं का आणि सोडून अनंत येतं का, हे आधी पाहून घ्या. दोन सेकंदांचं काम आहे, पण परीक्षकाला त्यातून कळतं की माणूस कसा काम करतो.

टेस्टर पेटला म्हणजे सगळं कळलं का?

निऑन टेस्टर खिशात असतो म्हणून सगळं त्याच्यावर ढकलायची सवय लागते. प्रश्न असा येतो: सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतोय, पण दिवा लागत नाही, दोष काय? निम्मे लोक "दोन्हीकडे फेज आलाय" असं लिहून मोकळे होतात. बहुतेक वेळा खरा दोष तुटलेल्या न्यूट्रलचा असतो. न्यूट्रल मागे कुठेतरी सुटलेला असतो आणि सर्किटमधल्या एखाद्या चालू दिव्यातून किंवा पंख्यातून फेज न्यूट्रलच्या तारेवर येऊन बसतो. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावला तर लागतो, फेज आणि न्यूट्रलमध्ये लागत नाही, म्हणजे दोष न्यूट्रलला. इथं एक पुरवणी जोडा: घरात आरसीसीबी (करंटची गळती पकडून सप्लाय तोडणारा स्विच) असेल तर फेज-अर्थमध्ये दिवा लावताच ती ट्रिप होणार, म्हणून मल्टिमीटर बरा. एवढं वाक्य लिहिणाऱ्याकडे परीक्षक वेगळ्या नजरेनं बघतात.

सप्लाय बंद आहे हे सिद्ध करण्याचाही क्रम आहे. टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासा, मग ज्या जागी काम करायचंय तिथे लावा, मग पुन्हा चालू पॉइंटवर. मधल्या वेळेत टेस्टरच मेला असेल तर तो कुठेच पेटणार नाही, आणि तुम्ही चालू तारेला हात लावाल.

सिरीज बोर्डाचं, म्हणजे सिरीजमध्ये दिवा लावलेल्या तपासणीच्या बोर्डाचं तसंच. रोज वापरणारा माणूस या प्रश्नाला फसतो: ६० आणि १०० वॅटचे पिवळे दिवे सिरीजमध्ये २३० व्होल्टवर लावले तर कोणता जास्त उजेड देईल? तोंडातून पटकन १०० येतं. रोध काढून बघा. २३० चा वर्ग भागिले ६० म्हणजे साधारण ८८२ ओहम, भागिले १०० म्हणजे ५२९. सिरीजमध्ये करंट एकच, म्हणून ज्याचा रोध जास्त त्याच्यात पॉवर जास्त. ६० चा दिवा जिंकतो. गरम-थंड फिलामेंटचा रोध बदलतो हे खरं, पण उत्तर तेच राहतं.

गणित: विहिरीवरच्या मोटारीचं घ्या

आपल्या जिल्ह्यात पंचगंगा-भोगावतीच्या काठी उसाला पाणी देणाऱ्या मोटारी बघत सगळे मोठे झाले. तरी मोटारीच्या करंटचं गणित आलं की हात थांबतो. ५ एचपीची थ्री फेज मोटार, ४१५ व्होल्ट, पॉवर फॅक्टर ०.८, कार्यक्षमता ८५ टक्के. करंट किती?

५ गुणिले ७४६ म्हणजे ३७३० वॅट. हे मोटारीच्या शाफ्टवर मिळणारं काम. लाइनमधून घेतलेली पॉवर त्याहून जास्त: ३७३० भागिले ०.८५, म्हणजे सुमारे ४३८८ वॅट. आता तिला १.७३२ गुणिले ४१५ गुणिले ०.८ ने भागा. ७.६ ॲम्पिअर येतात.

पेपरात दिसणारी चुकीची उत्तरं दोनच. ६.५ आलं असेल तर कार्यक्षमता विसरलात. १३.२ आलं असेल तर √३ विसरलात. म्हणून सरावाला बसलात की उत्तर चुकलं एवढंच बघून पान उलटू नका, चुकीचा आकडा नेमका कुठून आला ते शोधा. दोन-तीन आठवड्यांत तुमची एक ठरावीक खोड सापडते, आणि बहुतेकांची खोड एकच असते. साइटवरचा ठोकताळा, एचपीला दीड ॲम्पिअर, उत्तर पडताळायला वापरा. ७.६ त्याच्याशी जुळतं, १३.२ जुळत नाही. ठोकताळा उत्तर म्हणून मात्र लिहू नका.

स्टार-डेल्टाचा, म्हणजे थ्री फेज मोटारीचं वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धतींचा प्रश्न याच घरातला. स्टारमध्ये लाइन व्होल्टेज फेजच्या √३ पट आणि करंट सारखा, डेल्टामध्ये व्होल्टेज सारखं आणि लाइन करंट √३ पट. हे पाठ सगळ्यांना असतं. अडतं ते पुढच्या पायरीवर. स्टारमध्ये सुरू केली की लाइनमधून घेतलेला सुरुवातीचा करंट डेल्टाच्या एक तृतीयांश होतो, आणि सुरुवातीचा टॉर्कही एक तृतीयांशच. म्हणून लोड घेऊन सुरू होणाऱ्या मशीनला हा स्टार्टर जड जातो. हा "म्हणून" लिहिला नाही तर अर्धे मार्क.

ओव्हरलोड रिलेचं (मोटारीनं जास्त करंट घेतला की ती बंद करणाऱ्या रिलेचं) सेटिंग हे तर जुन्या मेकॅनिकचंही दुखणं. रिले मोटारीच्या फेजमध्ये, म्हणजे डेल्टाच्या आत असेल तर नेमप्लेटवरच्या करंटच्या ५८ टक्क्यांवर सेट करायचा. नेमप्लेटवर २१ ॲम्पिअर असेल तर रिले सुमारे १२.२ वर. तो सरळ २१ वर ठेवला तर मोटार जळेपर्यंत रिले झोपलेला असतो. वाइंडिंगवाल्याचं भलं होतं एवढंच.

घरगुती बिलाची गणितं सोपी आहेत, फक्त मिनिटांचे तास करायला विसरू नका.

जुनं पुस्तक, जुने नियम

मामाच्या किंवा मोठ्या भावाच्या काळचं पुस्तक घरात असतं. त्यातलं विजेचं शास्त्र बदललेलं नाही, ते बिनधास्त वाचा. कायद्याचा भाग मात्र तसाच घेऊ नका. १९५६ चे भारतीय वीज नियम त्यात असतात. वीज कायदा २००३ चा आहे, सुरक्षेबाबतचे केंद्रीय वीज प्राधिकरणाचे विनियम २०१० मध्ये आले आणि त्यांच्या जागी २०२३ चे आले. जुन्या नियमाचा क्रमांक ठोकून देण्यापेक्षा नियमात काय सांगितलंय ते लिहा. क्रमांक चुकला तर लिहिलेलं बरोबर असूनही शंका येते.

वायरच्या मापाचंही तेच. जुने मिस्त्री अजून तीन-बावीस (२२ गेजच्या तीन तारा), सात-वीस (२० गेजच्या सात तारा) म्हणतात आणि दुकानदारालाही ते कळतं. पेपरात चौरस मिलिमीटर लिहा. तीन-बावीस म्हणजे सुमारे १.२, सात-वीस म्हणजे सुमारे ४.६. आजच्या १.५ आणि ४ शी ती तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून "तीन-बावीस म्हणजे दीड" असं समीकरण लिहू नका.

अर्थिंग

पाइप अर्थिंगची आकृती सगळे काढतात, कोळसा-मीठाचे थरही छान रंगवतात. मापं लिहायची राहतात. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप निदान ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा आणि २.५ मीटर लांब. प्लेट ६० बाय ६० सेंटिमीटर, तांब्याची ३.१५ आणि जीआयची ६.३ मिलिमीटर जाड. ही मापं उलटी लिहिणारे पुष्कळ. तांबं चांगलं वाहक आणि महाग, म्हणून ते पातळ, असं डोक्यात ठेवलं की गोंधळ होत नाही.

आणि एक गोष्ट चुकूनही प्रात्यक्षिकात करू नका: सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला जंपर. जिथे अर्थची तार आलेली नाही तिथे गावाकडं हे सर्रास करतात, फ्रिज चालतो, कुणी तक्रार करत नाही. न्यूट्रल मागे सुटला की त्या फ्रिजच्या पत्र्यावर फेज येतो. परीक्षकानं जंपर पाहिला तर बाकीचा बोर्ड कितीही सुबक असो, काही उपयोग नाही.

एमसीबी आणि आरसीसीबी

एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी, आरसीसीबी गळतीसाठी. माणसाच्या बचावाला ३० मिलिॲम्पिअरची. आरसीसीबी बसवली म्हणून एमसीबी नको, हे उत्तर चुकीचं. बी प्रकारची एमसीबी रेटेड करंटच्या ३ ते ५ पटीला तत्काळ ट्रिप होते, सी ५ ते १० पटीला, डी १० ते २० पटीला. मोटारीच्या सर्किटला बी टाकली की सुरू करतानाच का उडते, हे यातून सांगता येतं. "आरसीसीबी वारंवार ट्रिप होते, कारण काय?" याला "उपकरणात गळती" एवढंच लिहू नका. तिच्या पुढे दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल मिसळला असेल तरीही ती उडते. आपल्याकडच्या वाढीव बांधकामांच्या घरांत हे कारण फार वेळा सापडतं.

तोंडी

सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) सेकंडरी उघडी का सोडत नाहीत, शॉक लागलेल्याला आधी काय करायचं, विजेच्या आगीवर पाणी का नाही, हे प्रश्न ठरलेले. शॉकच्या प्रश्नाला "कृत्रिम श्वास देईन" अशी सुरुवात केली की फसलात. आधी सप्लाय बंद. बंद करता येत नसेल तर कोरड्या लाकडानं माणूस तारेपासून सोडवायचा. मग मदत बोलवायची, श्वास आणि नाडी बघायची. येत नसलेल्या प्रश्नाला सरळ "सर, येत नाही" म्हणा. गोल गोल बोलणारा माणूस प्रत्यक्ष कामातही असंच करेल, असं समोरच्याला वाटतं.

कागद

अभ्यास नीट होऊनही अर्ज अडकतो तो इथं. दहावीच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आडनाव एकीकडे मराठी उच्चाराचं, दुसरीकडे इंग्रजी स्पेलिंगचं. हे जाहिरात येण्याआधी दुरुस्त करा. अनुभवाचा दाखला परवानाधारक ठेकेदाराकडून घ्या, त्यावर परवाना क्रमांक असू दे आणि तुमच्या कामाचा काळ त्याच्या परवान्याच्या मुदतीत बसतोय का ते बघा. शिक्षण चालू असलेल्या तारखा आणि पूर्णवेळ नोकरीच्या तारखा एकमेकांवर चढल्या असतील तर दाखला बदलून घ्या. ठेकेदार दिवाळीच्या आधी कामात असतात, तेव्हा सहीसाठी मागे लागू नका, पावसाळ्यात गाठा.