नावाने मागाल तर मिळणार नाही: जुन्या सायकलींचे पार्ट शोधताना या चुका टाळा

जळगाव असो, धुळं असो की नंदुरबार, सायकलच्या दुकानात जाऊन ‘हिंद सायकलचा एक्सल आहे का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘भाऊ, हाई कंपनी ते कधीच बंद पडी गई.’ दुकानदार खोटं बोलत नाही. वरळीची हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्या १९८० साली एकाच कायद्याने सरकारजमा झाल्या आणि पुढे दोन्हीही संपल्या. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनालाच बंद झाला. तरीही दुकानातून हात हलवत परत यायचं काही कारण नाही. चुकलेला असतो तो आपला प्रश्न.

आपल्याकडची काळी, आडव्या दांड्याची सायकल मुळात इंग्लिश रोडस्टरच्या मापावर बनलेली आहे. हिंद, रॅले, हर्क्युलिस, ॲटलस, हीरो, ॲव्हॉन ही नावं वेगळी, पण टायर, कॉटर, छर्रे, चेन, फ्रीव्हील यांची मापं बहुतेक एकच. दूधवाले आणि फेरीवाले अजून याच सायकलींवर ओझी वाहतात, त्यामुळे ही मापं लुधियानात आजही बनतात. म्हणून ‘हिंदचा एक्सल’ मागू नका. एक्सल काढा, रॉकेल-डिझेलने धुवा आणि काउंटरवर ठेवा. मोबाइलवरचा फोटो दाखवून काम होत नाही. फोटोत लांबी कळत नाही आणि आटे तर मुळीच नाहीत. मोडलेल्या पार्टचे दोन्ही तुकडे न्या. लोक मोठा तुकडा आणतात आणि माप नेमकं घरी राहिलेल्या तुकड्यात असतं.

टायर: ‘२८ इंची’ म्हणजे नक्की कोणता?

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. रोडस्टरचा टायर २८ × १½. त्याची तार रिमवर जिथे बसते तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. हल्लीच्या पातळ टायरच्या सायकलींचा ७००-सी टायरही पुष्कळदा ‘२८ इंची’ म्हणूनच विकला जातो, पण त्याचा व्यास ६२२. फरक १३ मिलिमीटरचा. लहान टायर मोठ्या रिमवर चढतच नाही. मोठा टायर लहान रिमवर आरामात चढतो, आणि हवा भरली की एका बाजूने बाहेर येतो. ऑनलाइन मागवताना हा घोळ हमखास होतो, कारण वर्णनात नुसतं ‘२८’ लिहिलेलं असतं.

२६ इंचीची कथा आणखी वाईट. लेडीज सायकल किंवा बीएसए एसएलआरसारख्या हलक्या सायकलीचा २६ × १⅜ म्हणजे ५९०. जाड टायरच्या गिअरवाल्या सायकलीचाही २६ इंचीच, पण तो ५५९. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

तेव्हा इंच विसरा आणि टायरच्या बाजूवर ‘४०-६३५’ किंवा ‘३७-५९०’ अशी जोडी शोधा, त्यातला दुसरा आकडा म्हणजे हा व्यास. आकडे झिजून दिसेनासे झाले असतील तर त्यावर शाळेतला खडू आडवा घासा, उठाव पांढरा होतो आणि आकडा वाचता येतो. टायर केव्हाच भंगारात गेला असेल, तर तार बसते त्या खाचेतून रिमभोवती सुतळी फिरवून मोजा. जवळजवळ २ मीटर, म्हणजे १९९ सेंटिमीटरच्या आसपास भरली तर ६३५. १९५ भरली तर ६२२. १८५ भरली तर ५९०.

रिम बदलली आणि ब्रेक गेला

सळईचे ब्रेक असलेल्या सायकलीची रिम गोलसर कडांची असते, आणि ब्रेकची गुटकी तिला आतून, म्हणजे हबकडच्या (चाकाच्या मध्याच्या) बाजूने, धरते. ‘साइज तीच आहे’ म्हणून सपाट कडांची रिम बसवली की चाक फिरतं झकास, पण गुटकीला टेकायला जागाच उरत नाही. रिम घेताना भोकंही मोजा. जुन्या रोडस्टरला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. ३६ भोकांच्या रिमची जोडी स्वस्त मिळाली, तरी तुमच्या हबला ती लागणार नाही. मग नवे हब, नव्या तारा, आणि स्वस्तातल्या रिमचा खर्च कुठल्या कुठे जातो.

कॉटर: क्षणभराचा राग, मोठं नुकसान

पायडलच्या दांड्याला, म्हणजे क्रँकला, एक्सलशी जखडणारी ही छोटी पाचर. ती सैल झाली की दर फेरीला ‘टक्’ असा आवाज येतो. लोकांना वाटतं पायडल गेलं किंवा बेअरिंग गेलं, आणि भलताच पार्ट शोधत हिंडतात. आधी एक क्रँक पुढे आणि एक मागे अशी आडवी करा, मग दोन्ही पायडलांवर हातांनी आलटूनपालटून दाब द्या. क्रँक एक्सलवर जराशी जरी हलली, तर दोष कॉटरचा.

काढताना नट पूर्ण काढून थेट हातोडा हाणणं ही सार्वत्रिक चूक. आटे चेपतात, कॉटर वाकतो, आणि वाकलेला कॉटर मग ड्रिलनेच निघतो. शिवाय खाली आधार नसेल तर प्रत्येक घाव छर्ऱ्यांवर बसतो आणि कपाला, म्हणजे छर्रे ज्यात फिरतात त्या वाटीला, खड्डे पडतात. पद्धत अशी: आदल्या रात्री डिझेल किंवा गंजसैल तेल सोडा. क्रँकखाली, कॉटरचं डोकं मोकळं राहील असा लोखंडी पाइपाचा तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकवा. नट कॉटरच्या टोकाशी समपातळीत येईल एवढाच सैल करा आणि मग एकच जोरदार घाव घाला. दहा भित्रे टोले सायकलीला जास्त महाग पडतात. नाहीच हलला तर क्रँकचा तेवढा भाग गॅसने तापवायला सांगा. तिथला रंग जाईल हे धरून चाला.

नवा घेताना जाडी मोजा. इंग्लिश पद्धतीचा कॉटर साडेनऊ मिलिमीटरचा, दुसरा एक ९ मिलिमीटरचाही येतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. म्हणून व्हर्निअर लावा, किंवा जुन्या कॉटरचा न झिजलेला गोल भाग नव्याच्या शेजारी धरा. कॉटर कायम जोडीने बदला. एकाचा उतार जास्त आणि एकाचा कमी असला की दोन क्रँका एका रेषेत राहत नाहीत आणि पाय लंगडल्यासारखे फिरतात. दोन्ही कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने घाला. ठोकून घट्ट बसवायचे, नट फक्त जागेवर धरण्यापुरता. नटानेच खेचून बसवायला गेलात तर आटे मरतात. पाच-दहा किलोमीटर चालवल्यावर परत एकदा ठोकून नट आवळा. हे कुणी करत नाही, म्हणून ‘नवा कॉटर टाकला तरी आवाज येतो’ अशी तक्रार घेऊन तीच माणसं परत येतात.

आटे जुळत नसताना जबरदस्ती

इथे मात्र कंपनीचं नाव कामाचं आहे. इंग्लंडच्या रॅलेने बॉटम ब्रॅकेटच्या (फ्रेममध्ये क्रँकचा एक्सल फिरतो त्या जागेच्या) कपांना आणि चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या, मानेला इंचाला २६ आटे ठेवले होते. इतरांचे साधारण २४. तुमच्याकडे आजोबांच्या काळातली विलायती रॅले असेल, तर बाजारातला साधा कप एक-दोन फेरे सुंदर फिरतो आणि मग अडतो. मिस्त्री म्हणतो, ‘गंज आहे, लावतो जोर.’ लावू देऊ नका. कप पन्नास-शंभर रुपयांचा असेल, पण आतले आटे फ्रेमचे आहेत. जुन्या कपावर अर्ध्या इंचात आटे मोजा: १२ भरले तर २४चा, १३ भरले तर २६चा. २६चा निघाला तर नवा शोधण्यापेक्षा जुनाच कप धुऊन, नवे पाव इंची छर्रे आणि ग्रीस घालून वापरणं शहाणपणाचं. कपाला बारीक ओरखडे असले तरी सायकल चालते. फ्रेमचे आटे गेले की संपलं.

डावं पायडल आणि उजवीकडचा कप उलट आट्यांचे असतात, दोन्ही घड्याळाच्या दिशेने सैल होतात. हे माहीत नसल्याने ‘जाम आहे’ म्हणून आवळले जाणारे पार्ट कमी नाहीत.

लेथवाल्याकडे काय न्यावं

आपल्याकडे एमआयडीसीत आणि तालुक्याच्या गावी पंपाची, ट्रॅक्टरची कामं करणारे लेथवाले चांगले आहेत, आणि ते बनवून देतात. पण सगळं बनवून घ्यायचं नसतं. ब्रेकच्या सळईचे बुश, चकत्या, स्पेसर, कॅरिअरचे नट, मडगार्डची पट्टी, हे खुशाल करून घ्या. हबचे कोन (एक्सलवरचे शंकूसारखे नट) आणि बॉटम ब्रॅकेटचा एक्सल मात्र साध्या लोखंडात करून घेऊ नका. त्यांच्या ज्या भागावर छर्रे पळतात तो वरून कडक केलेला असतो. नुसता खरादून आणलेला कोन दिसतो आरशासारखा, आणि एका मोसमात त्याला नाळ पडते.

माळ्यावरचा ‘नवा’ माल

जुन्या दुकानाच्या माळ्यावर पुडीबंद जुना माल सापडणं हा खरा आनंद आहे, पण आपल्याकडच्या उन्हाळ्याची आठवण ठेवा. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांकडे जातो, आणि माळ्यावर वर पत्रा असतो. लोखंडी माल तिथे टिकतो. कोन, कप, कॉटर, घंट्या, ब्रेकच्या सळया डोळे झाकून घ्या. रबर मात्र तपासल्याशिवाय घेऊ नका. टायर बोटांनी दुमडून पाहा, बाजूला केसांसारख्या भेगा दिसल्या तर तो शोभेचाच. ब्रेकच्या गुटक्या नखाने दाबल्या जात नसतील तर त्या रिमवर नुसत्या घसरतील. तयार बेअरिंग सेट असेल तर त्यातलं वाळलेलं ग्रीस धुऊन नवं भरा.

भंगारवाल्याकडे गेलात तर हवा तेवढा पार्ट सोडवून घेण्यापेक्षा अख्खी सायकल वजनावर घ्या. एका चेनव्हीलसाठी गेलेल्या माणसाला पुढच्या वर्षी चिमटा लागतो, आणि तोवर ती सायकल वितळून गेलेली असते. दिवाळीच्या साफसफाईनंतर लगेच चक्कर मारली तर निवड चांगली मिळते. सायकल चोरीची नाही याची खात्री करून साधी पावती मात्र लिहून घ्या.

डायनॅमो आणि तीन गिअरचा हब

डायनॅमोचा दिवा सारखा उडतो, म्हणून लोक नवा डायनॅमो शोधतात. बहुतेक डायनॅमो ६ व्होल्ट, ३ वॉटचे. मागचा बल्ब गेलेला असला की त्याच्या वाटणीची वीज पुढच्याला मिळते आणि तोही जातो. आधी मागचा बल्ब बदला. टॉर्चचा बल्ब लावू नका.

विलायती सायकलीला स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीचा तीन गिअरचा हब असेल, तर तो मोडीत काढून साधं फ्रीव्हील लावण्याची घाई नको. इंग्लंडमधलं उत्पादन थांबलं आणि २००० साली कंपनी तैवानच्या सनरेसकडे गेली, पण तिच्या तीन गिअरच्या ‘एडब्ल्यू’ हबचे बरेच अंतर्गत भाग अजून मागवता येतात. हबच्या कवचावर बनावटीचं वर्ष बहुधा ठोकलेलं असतं, मागवताना ते सांगा. त्याआधी हबच्या झाकणातून पातळ मशीन तेल सोडा, चाक हाताने फिरवत राहा आणि रात्रभर राहू द्या. वर्षानुवर्षं वाळलेल्या तेलाने आतले खटके चिकटलेले असतात, आणि पुष्कळदा गिअर एवढ्यानेच लागतो.